सुतकातला चेलो

बायको गेली. सुतक आहे म्हणून भावजयीने टीव्हीवर चादर टाकली. ती चादर पाहून पुण्यात विश्रांतवाडीतली एक जुनी दुपार आठवली. तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या आणि वरची खोली आम्ही अमरावतीच्या एका संगणकवाल्याला भाड्याने दिली होती.

सासूबाई वारल्या होत्या. राख सावडून घरी आलो, तरी हिच्या डोळ्यांत पाणी नाही. जेवेना, बोलेना. मला धास्तीच बसली. तेवढ्यात वर वाद्यं सुरू झाली. मी जिन्यातून ओरडलो, "अहो साहेब, खाली सुतक आहे. आपल्याकडे लग्न निघालंय का?"

बिचारा सीडीचं खोकं हातात घेऊनच माफी मागायला आला. "काका, हा चेलो आहे, माणसाएवढ्या व्हायोलिनसारखं वाद्य. ही बाई एकटी पुढे बसून वाजवते, बाकी सगळे तिला साथ करतात."

हिने खोक्यावरचा फोटो पाहिला. "वेणी घालताना पोरीला गुडघ्यांत धरतात, तसं धरलंय हो. आई मला अशीच धरायची," म्हणाली, आणि ढसाढसा रडली. वर सूर चालूच होते. घाई नाही, गळा काढणं नाही.

खोली सोडताना तो ती सीडी हिला देऊन गेला. तेव्हा मला वाटलं होतं, फोटोने रडवलं. पुढे हिच्याशेजारी बसून ऐकत गेलो तेव्हा कळलं, रडणाऱ्याला किती वेळ द्यावा हे त्या बाईला बरोबर कळतं.

आज मी तीच सीडी लावली. भावजय म्हणाली, "अहो भाऊजी, सुतकात? लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "लोकांना आत बोलव. इतकं नीट रडायला त्यांच्यातल्या एकालाही येत नाही."