डोहातला रोही

माहेरी अकोल्याकडं आमी खारं, मचूळ पानी पिऊन मोठ्या झालो, पन पान्याची कधी किळस नाई आली. मले वरूडकडं दिली तवा माय म्हने, तिकडं संत्रं हाय, गोड पानी हाय, सुखात राहशीन. गोड पानी! थू!

सासरचं गाव नदीच्या काठी. पलीकडं दुसरं गाव, पन थे मध्य प्रदेशात. आगोदर सारं एकच होतं म्हनतात, मंग राज्यं वाटली न नदीच्या मधातून हद्द गेली. हद्द काई दिसत नाई, पानीच हाय. तिथं एक डोह, नदी आटली तरी थो आटत नसे. अखाजीच्या आगोदर दोन्ही गावचे लोक मिळून त्यातला गाळ काढत, उन्हाळाभर मासोळ्या कोनी मारत नसे, आन सांजच्याले जनावरं पान्यावर येत त कोनी तिकडं फिरकत नसे. माही मोठी जाऊ पलीकडचीच, तिनंच सांगतलं. राज्यं वेगळी झाली न सारं बंद पडलं. इकडचे म्हनत, तिकडच्या सरकारनं काढावा गाळ. तिकडचे म्हनत, पानी तुमीच जास्त पिता.

त्या उन्हाळ्यात विहीर आटली, डोहाचंच पानी घरात, आन माह्या लेकराले हागवण लागली. दात येत होते म्हना का काय म्हना, डोळे खोल गेले, टाळू बसली. वरूडचा डाक्टर म्हने, चांगलं पानी उकळून पाज. चांगलं कुठून आनू?

तेवढ्यात कोन्या जीपवाल्या शिकाऱ्यानं रोही मारला. घोड्याएवढा नीलगाईचा नर. गोळी खाऊन पळत आला न डोहात पडून मेला. उन्हानं पोट ढोलासारकं फुगलं, पाय वर, डोळे मासोळ्याइनं खाल्लेले, हिरव्या माश्या, आन पान्यावर तेलासारकी साय. घागर भरताना थे साय हातानं बाजूले करा लागे. माय वो, आताबी लिहिता लिहिता नाकाले पदर लावते.

मानसं काय करत? काठावर उभे राहून बांबूनं त्याले पलीकडं ढकलत. पलीकडचे बांबूनं इकडं. दरवेळी केसाचा पुंजका निघे, कातडं निघे, थे पान्यात पडे. आन हासत, नाकाले दुपट्टा लावून!

माहे भासरे, मोठ्या जाऊचे मालक, वरडले, "तुमच्या जंगलातला हाय, घ्या!"

पलीकडून एक म्हातारा म्हने, "काऊन हो पाव्हणे, गोळी त तुमच्याकडं वाजली! तुमचा जावई हाय, आहेर करून घरी न्या!"

इकडचा जंगलाचा शिपाई आला, म्हने मधात हद्द हाय, मी हात लावला त नोकरी जाईन. पयले जे लोक मेलं जनावर ओढत त्याइनं दोन्ही गावात थे काम सोडलं होतं. बरंच केलं. पन बाकीच्याइच्या हाताले लकवा मारला होता काय?

म्या घरी मालकाले म्हनलं, "अवो, तुमी तरी काढा न."

"मी? लोक काय म्हनतीन?"

त्या दिवशी पोरानं उकळलेलं पानी ओकलं, मंग दूधबी ओकलं. रडेचना, नुसता पाहे. भर दुपारी सारी मानसं झोपली होती, म्या त्याले कडेवर घेतलं न डोहावर पळाले. पळून काय करनार होते, मलेच ठाऊक नाई. मांगून जाऊ आली, मोटेचा जाड नाडा खांद्यावर. तिनं पलीकडं आपल्या भावजयीले हाक मारली.

"वहिनी वो! नाडा फेकते, धर!"

"तुमच्या दादाले विचारू का?"

"त्याले विचारशीन त पावसाळा लागून जाईन!"

तिकडच्या बाया आल्या. वहिनी म्हने, "तुमच्याकडं उभी दरड हाय, आमच्याकडं उतार हाय, इकडंच काढू." मी डोहाखालच्या उथळातून, गुडघाभर पान्यातून, पलीकडं गेले, पोरगं एका म्हातारीच्या मांडीवर टाकलं, कोनाची कोन माईत नाई. रोह्याच्या मानेले फास टाकला. पाय धरून ओढलं त पायाचं कातडं हातात आलं, मोज्यासारकं. मी तिथंच ओकले, तोंड पुसलं, परत धरलं. इकडून जाऊ बांबूनं ढकले, तिकडून आमी ओढो. डोहापासून लांब, वर नेऊन खड्ड्यात घातला, वरून माती न बाभळीचे काटे. मंग डोहाच्या वरच्या अंगाले दोन्हीकडच्या बायाइनं वाळूत नवा झिरा खोदला.

आता तिकडचा शिपाई आला. "सरकारी जनावर कोनाले विचारून गाडलं?"

वहिनी म्हने, "उकरून देऊ का साहेब? खांद्यावर घेऊन जा."

थो नाक धरून गेला.

घरी आलो त भासरे दारातच आडवे. "आंघोळ केल्याबिगर आत याचं नाई, घान येऊन राह्यली." आमाले घान! मले त त्या दारावरच थुकावं वाटलं.

झिऱ्याचं पानी गाळलं, उकळलं, चमच्या-चमच्यानं पाजलं. ओकला नाई. परत पाजलं. ओकला नाई. दिवसभर मुतला नव्हता, लंगोट कोरडा. सकाळी माह्या मांडीवर मुतला, गरम, भरपूर, लुगडं सारं वलं झालं. सासू म्हने, "उठ, बदल."

म्या म्हनलं, "राहू द्या वो."