मशेरीची डबी

चौथीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. पुढं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जे शिकलो तेवढंच माझं शिक्षण, पण ते पक्कं. व्यापारी पोत्यातनं मूठभर माल काढून माझ्यापुढं धरायचे. मी चिमूट तळव्यावर चोळायचो, वास घ्यायचो, जिभेवर ठेवून थुंकायचो आणि सांगायचो, माल कुठल्या रानातला, त्यावर पाणी मारलंय का, पावसाळा काढेल का. त्यानंतर कोणी वाद घालत नसे.

तरुणपणी पोत्यांच्या थप्पीवरनं पडून उजवा घोटा मोडला होता. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि मी हाड पुरतं धरायच्या आत कामावर हजर झालो. दवाखान्यात जा म्हणणाऱ्यांना हसलो. त्याच घोट्यानं म्हातारपणी मला गाठलं. सांध्यातली गादी झिजली, हाडावर हाड घासायला लागलं. स्टँडपासून वखारीपर्यंत तीनदा थांबावं लागायचं. लोकांना कळू नये म्हणून दर वेळी वाकून चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करायचो.

बेळगावच्या डॉक्टरनं दोन वाटा सांगितल्या. सांधा कायमचा जाम करायचा, किंवा झिजलेला काढून धातूचा बसवायचा.

"बसवा," मी म्हणालो. "जाम झालेल्या पायानं चालायला मी काय लाकडाचा बैल न्हाय."

डॉक्टर हसला. मग म्हणाला, "अज्जा, घोट्यावर मांस नसतं, नुसती कातडी असते. तंबाखू चालू राहिली तर जखम भरणार नाही. आत जंतू शिरले तर बसवलेला सांधा काढावा लागेल, पायावरही बेतेल. आजपासून बंद करायची. जमेल?"

"निपाणीत माझा शब्द कोण दुसऱ्यांदा विचारत न्हाय."

बेळगावजवळ मच्छे गावात दिलेली माझी मुलगी बरोबर होती. दवाखान्याच्या पायरीवरच तंबाखूची चंची तिच्या हातात दिली. त्यानंतर गालात चिमूट धरली नाही. वखारीत माल जिभेला लावत होतो, पण ते काम होतं. सोनार सोनं घासतो म्हणून सोनं खात नाही.

सांधा बसवला. टाके निघायच्या वेळेपर्यंत मुलीकडंच राहिलो. पट्टी सोडली तेव्हा डॉक्टर वाकून बघायला लागला. जखमेची एक कड काळी पडली होती, खालनं पाणी झिरपत होतं.

"अज्जा, तंबाखू?"

"एकदा सांगितलं न्हवं?"

डॉक्टरनं मुलीकडं बघितलं. ती म्हणाली, "आमचं आप्पा खोटं बोलत न्हाईत, सर."

आठ दिवस वाट बघू, नाहीतर दुसरीकडची कातडी काढून इथं लावावी लागेल, असं तो म्हणाला. परत येताना मला वाटत होतं, डॉक्टरचंच काहीतरी चुकलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात खुर्चीवर बसून मी दात घासत होतो. मुलगी शेजारी उभी राहून घासत होती. एकच डबी दोघांत. मशेरी ती स्वतः तव्यावर भाजायची, घरभर ठसका उठायचा. लहानपणी तिच्या आईनंच तिला हे वळण लावलेलं. घासता घासता तिचं बोट तोंडातच थांबलं. तिनं चूळ भरली आणि बोटाकडं बघत राहिली.

"आप्पा, ही बी तंबाखूच की."

"ही दातांची."

"तंबाखूच भाजतो न्हवं आपण?"

"गप गं. दात घासायला काय डॉक्टरला विचारायचं?"

पण माझंही बोट तोंडाबाहेर आलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालातली भेसळ सांगितली, आणि रोज हिरड्यांना काय चोळतोय ते सांगता आलं नाही.

आठवड्यानं दवाखान्यात गेलो. "तुम्ही सांगणार का मी सांगू?" असं मुलीनं वाटेत विचारलं होतं. डॉक्टर पट्टी सोडायला लागला. तिनं डॉक्टरपुढं माझी हमी दिली होती आणि आता ती खाली मान घालून बसली होती. ते मला बघवेना.

"मशेरी लावत होतो," मी म्हणालो. "आप्रेशनच्या आदल्या दिवसापर्यंत वखारीत माल बी जिभेवर घेत होतो. हिला ते वखारीचं ठाव न्हवतं."

डॉक्टर रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "घरात तंबाखूचा कणही नको. हाताला लागली तरी अंगात जाते."

कातडी लावायची ठरली. मांडीची काढून घोट्यावर लावली. ती धरेल की नाही, हे अजून कोणी सांगत नाही.

परवा निपाणीचा व्यापारी मच्छेला आला. पिशवीत नव्या मालाच्या चार पुड्या होत्या.

"मामा, तुमच्याशिवाय अडलंय. नुसतं चोळून सांगा, जिभेला नका लावू."

पुडी उघडली तसा वास आला. चौथ्या पुडीवर पाणी मारलं होतं, ते मला खुर्चीतनंच कळलं. हात चादरीच्या आत ठेवले. डॉक्टरनं मनाई केली आहे, एवढं म्हणायचं होतं. ते तोंडातनं निघेना.

"मला आता कळत न्हाय," मी म्हणालो. "दुसरा कोण तरी बघ."

तो पुड्या बांधायला लागला. मुलगी आतनं आली, तिनं खिडकी उघडली आणि त्याला म्हणाली, "अण्णा, त्या बाहेर न्हेऊन बांधा."