विमानाला पहिला घास

बिद्रीचा कृष्णात वागरे विमानं दुरुस्त करतो, आणि गावाला ते अजून पटलेलं नाही. "इमान नीट करतोस म्हणं, आन् माझी हिरीवरची मोटर तेवढी कळंना व्हय तुला?" असं म्हणून लोक सुट्टीच्या दिवशी मोटर त्याच्या दारात आणून टाकतात. त्याच्याकडं मिरवण्यासारखी एकच गोष्ट, त्याची सही. तपासणी करून त्यानं कागदावर सही केली की विमान जमीन सोडतं, नाहीतर जाग्यावर बसतं. वीस वर्षांत ती सही त्यानं एकदाही उगीच केलेली नाही.

सध्या तो पार्श्वनाथअण्णा मगदुमांचं चार सीटचं विमान सांभाळतो. अण्णांची शिरोलीला फौंड्री. विमान ते स्वतः चालवतात, बुलेट चालवल्यासारखं.

"कृष्णात, डावीकडनं खर्र करतंय बघ."

"कवा अण्णा? चढताना का उतरताना?"

"त्याच्या मनात आलं की."

अशा माहितीवर माणसानं काय शोधायचं?

खंडेनवमीला अण्णांनी काढलं नवीनच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला, म्हणजे अक्काताईंना, कृष्णात त्यांना अव्वा म्हणतो, बाहुबलीच्या डोंगरावरून चक्कर मारून आणायची. त्यासाठी कृष्णातनं तीन दिवस विमान उघडून तपासलं. आता फक्त सही उरली होती. पण अव्वा म्हणाल्या, आज हत्यारांची पूजा, पूजेबिगर मी बसणार न्हाई.

हँगरच्या दारातच कृष्णातनं वाद घातला. उदबत्ती नको, इथं पेट्रोल आहे. नारळ नको, फरशीवरचे तुकडे पंख्यात उडतील. दोन्ही गोष्टी अव्वांनी तोंड वाकडं करून मानल्या. "नाकाला हळदकुंकू लावा आन् बास," असं बजावून, जिंकल्यासारखा तो कागद आणायला गेला.

दहा मिनिटांनी येऊन बघतो, तर डाव्या पंखाखालच्या नळीच्या टोकाला कुंकू. नळी बोटाएवढी, तोंड पुढं उघडं. समोरचा वारा तिच्यात शिरतो आणि विमानाचा वेग आत काट्यावर दिसतो. तिच्यावरचं लाल टोपण अण्णांच्या घाईपायी त्यानंच मघाशी काढलं होतं.

"अव्वा, हितं काय केलंसा?"

"घास घातला," अव्वा शांतपणे म्हणाल्या. "फौंड्रीत दरसाल प्रत्येक मशीनच्या तोंडात पहिल्या अक्षता मीच घालते. ह्येचं तोंड घावंना. मग ही नळी दिसली."

कृष्णातनं वाकून नळीला डोळा लावला. आत तांदूळ.

"फुंकून काढ की," अण्णा.

"फुंकलं तर आत जातंय, न्हाईतर काटा मोडतोय."

"ऱ्हाऊ दे मग. स्पीड मला अंदाजानं कळतो. भट्टीचा नुसता आवाज ऐकून सांगतो मी, माल झाला का न्हाई."

"भट्टी खाली पडत न्हाई अण्णा."

अण्णांनी विमानतळाच्या टॉवरकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि मग वीस वर्षं कुणाच्या जिवावर नोकरी केलीस वगैरे सुरू केलं. त्यातली पाचच वर्षं अण्णांकडची, पण हे सांगत बसायला कृष्णातकडं वेळ नव्हता. त्यानं नळी सोडवली, पांढरं फडकं अंथरलं आणि चिमट्यानं एकेक दाणा काढला. आठ निघाले.

"झालं. कर सही," अण्णांनी पेन पुढं केलं.

"अव्वा, किती घातलं हुतं?"

"नऊ. एक नवकार म्हणायचा, एक दाणा घालायचा. नऊ वेळा."

"आई, आठ असतील. मोजताना चुकली असशील."

अव्वांनी लेकाकडं असं बघितलं की अण्णांनी पेन आपोआप खिशात ठेवलं. "सत्तर वर्षं नवकार म्हणतीया मी. तुझ्या फौंड्रीचा हिशोब चुकंल, माझा न्हाई. नऊ म्हंजे नऊ."

"मग एक आत हाय," कृष्णात म्हणाला. "पंखातनं नळी पार आतपर्यंत जाती. पंख उघडाय लागंल. आज विमान न्हाई उडत."

"आरं, एका तांदळापायी?"

"सही माझी हाय, अण्णा."

अण्णा बराच वेळ हँगरभर फिरले. फोनवर कुणाला तरी "आमचा मिस्त्री लई शाना हाय" असं मोठ्यानं सांगितलं, कृष्णातला ऐकू जाईल असं. शेवटी गाडी बोलावली. अव्वांची काही तक्रार नव्हती. बाहुबलीला आयुष्यभर रस्त्यानंच गेल्या होत्या.

कृष्णातनं तीन दिवसांच्या तपासणीनंतर बसवलेले पंखाखालचे तेच स्क्रू पुन्हा काढायला घेतले. एकही शिवी तोंडातून बाहेर पडू दिली नाही, म्हणून जबडा दुखायला लागला होता.

गाडीत बसता बसता अव्वांनी काच खाली केली. "कृष्णाता, दाणा घावला तर टाकू नगंस हं. उद्या दसरा हाय, सोनं घिऊन येते मी ह्येला."

गाडी गेली. कृष्णात उठला, लाल टोपण शोधलं, आणि विमानाला एकूण भोकं किती आहेत ते हाताच्या बोटांवर मोजायला लागला.