पानावरचा डाग

देवरीच्या एका विजेच्या दुकानात मी बिडी कामगारांच्या हक्कांची पत्रकं द्यायला शिरले. तिथे बिड्या वळणारी एक म्हातारी सीएफएल दिवे पारखत होती. दुकानदार एकेक दिवा होल्डरला लावी, आणि ती पदरातलं तेंदूपान काढून अगदी नाकाला टेकवून बघे. डागाळल्या पानाच्या बिड्या ठेकेदार सरळ फेकून देतो.

"पिवळा नोको. डाग नाही दिसून राहिला."

मग पांढरा लागला, मग वेटोळ्याचा, मग जास्त वॅटचा.

"आता सूर्य आणून लावू का वो, आजी?" दुकानदार वैतागला.

पानावरचा रुपयाएवढा डाग मला दारातूनच दिसत होता. बिड्या वळता वळता नजर जाते आणि भरपाई कोणी देत नाही, हे माझ्या पत्रकात ठळक छापलेलं होतं. मी तावातावाने पुढे झाले. "आजी, दिवे चांगलेच आहेत. तुमचे डोळे..."

तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"मालूम आहे, पोरी. हळू बोल. ठेकेदाराले समजलं तं उद्यापासून पानं नाही भेटत. तू बी दिवाच खराब म्हण."

मी पत्रकं पिशवीत कोंबली आणि दुकानदाराला म्हणाले, "यात काहीच दिसत नाही. दुसरा लावा."