कॉर्पोरल हॉलिसची तलवार

हे मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही एकोणतिसाव्या वर्षी. मराठी शाळेत चौथीपर्यंतच शिकलो. मग बाबांना साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. इथल्या महाराष्ट्र मंडळातले डॉक्टरकाका म्हणाले, "तू आर्मीत होतास, दिवाळी अंकासाठी लिही." मोठ्या लढाईचं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आहे ते एका रोमन नाटकाबद्दल आणि एका माणसाबद्दल. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी ब्रिटिश आर्मीत इन्फन्ट्रीमध्ये होतो. आमची बराक दक्षिण इंग्लंडमध्ये होती. सहाला उठायचं, साडेसहाला धावायचं, सव्वाआठला परेड. आठ जणांच्या आमच्या सेक्शनचा कमांडर कॉर्पोरल हॉलिस. उत्तरेकडच्या खाणीच्या गावातला, बत्तीस वर्षांचा, कमी बोलणारा. माझं आडनाव माने, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी माझा 'मॅनी' केला. पहिल्या लांब मार्चला आठव्या मैलावर माझा पाय मुरगळला, तेव्हा त्याने माझी बॅग आपल्या बॅगेवर टाकली आणि उरलेले चार मैल चालला. कॅन्टीनमध्ये एकाने माझ्या रंगावरून विनोद केला. हॉलिसने हातातला ट्रे खाली ठेवला आणि तो माणूस सॉरी म्हणेपर्यंत त्याच्या समोर उभा राहिला. मग ट्रे उचलला आणि जेवायला बसला. पुढे मला बाहीवर लान्स कॉर्पोरलच्या हुद्द्याची एक फीत मिळाली, तीही त्याच्याच शिफारशीने.

आमचे प्लटून कमांडर लेफ्टनंट ॲशबी केंब्रिजला रोमन इतिहास शिकलेले. शिपायांच्या घरच्यांना बराकीत बोलावतात त्या फॅमिलीज डेसाठी त्यांनी स्वतः चाळीस मिनिटांचं नाटक लिहिलं. गोष्ट साधी होती. रोम शहराच्या हद्दीवर दगड रोवलेले असत. सेनापती कितीही मोठा असो, त्या दगडाच्या आत त्याला हत्यार आणता येत नसे. एक सेनापती लढाई जिंकून परत येतो. सिनेट आपल्याला दगा देणार असं त्याला वाटतं, म्हणून तो सैन्य घेऊनच शहराकडे निघतो. हद्दीवर पहाऱ्याला असतो त्याच्याच हाताखाली वाढलेला सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा नायक. तो म्हणतो, "तलवार खाली ठेवा, सेनापती."

सेनापती हॉलिस. सेंच्युरियन मी. पहाऱ्यावरचा दुसरा शिपाई प्रायव्हेट प्यू. हा वेल्सचा, लग्न झालेला, दीड वर्षाच्या मुलीचा बाप. तालमीत आम्ही सगळे चादरी नेसलो होतो.

ॲशबी म्हणाले, "मॅनी, सेंच्युरियन सेनापतीपुढे एक शपथ घेतो. तुमच्याकडे इमानाची शपथ कशी घेतात?"

मला बाबांचं वाक्य आठवलं. आर्मीत निघालो तेव्हा ते म्हणाले होते, "खाल्ल्या मिठाला जाग." त्या 'जाग'चा अर्थ मला फक्त झोपेतून जागं राहण्यापुरता माहीत होता. मी तसंच इंग्रजी करून टाकलं: मी तुमच्या मिठासाठी जागा राहीन.

प्यू चादरीसकट खाली बसून हसला. "मिठासाठी? मी तर कॉफीसाठी जागा राहतो."

हॉलिस शांतपणे म्हणाला, "याच्या बापाचा स्वयंपाक खारट असणार. सर, वाक्य ठेवा."

वाक्य राहिलं. महिनाभर सगळी प्लटून एकमेकांना तेच म्हणत होती. गार्डवर जाणाऱ्याच्या हातात मिठाची पुडी देत होती.

फॅमिलीज डेच्या नऊ दिवस आधी आम्ही फायरिंग रेंजवर होतो. गोळीबार संपला की एक पद्धत असते. प्रत्येकाने रायफल रिकामी करायची. कमांडरने प्रत्येक रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खाचेत, वाकून डोळ्यांनी बघायचं आणि 'क्लिअर' म्हणायचं. मग शिपायाने सांगायचं की माझ्याकडे गोळी किंवा रिकामी पुंगळी नाही. त्या दिवशी पाऊस होता आणि ट्रक थांबला होता. वेळ दुपारचे तीन चाळीस. हॉलिसने पहिल्या पाच जणांचं वाकून बघितलं. प्यू सहावा, मी सातवा. प्यूसमोर आला तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न दिला. हॉलिसने मान वळवून त्याला शिवी दिली आणि तशीच मान वळवलेली असताना म्हणाला, "क्लिअर." मग माझ्याकडे आला आणि माझ्या रायफलमध्ये नीट बघितलं.

तीन बावन्नला ट्रकपाशी प्यूच्या रायफलमधून गोळी सुटली. रस्त्यावर आपटून तिचा तुकडा ड्रायव्हरच्या पोटरीत घुसला. ड्रायव्हर वाचला. पण चौकशी लागली.

प्यू म्हणाला, मला क्लिअर दिलं होतं. हॉलिस म्हणाला, मी बघितलं होतं, गोळी त्याने नंतर भरली असणार. ते खरं ठरलं तर प्यू लष्करी तुरुंगात जाणार आणि त्याची नोकरी संपणार. हॉलिस बघितलं नाही म्हणाला असता, तर त्याच्या फिती जाणार; आणि सार्जंटच्या बढतीच्या यादीत त्याचं नाव वर होतं. शेजारी उभा होतो मी एकटा.

संध्याकाळी हॉलिस ड्रायिंग रूममध्ये आला. ओले कपडे वाळवायच्या त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

"मॅनी. मी बघत होतो, हे तू बघितलंस."

मी माझे मोजे दोरीवर टाकत राहिलो.

"बारा वर्षं, एकही चूक नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे, कॉर्पोरल."

"मग झालं. तुझं ते मीठ," तो म्हणाला, "माझंच खाल्लंस ना?"

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. मग विचारलं, "बाबा, मीठ हॉलिसचं खाल्लं की आर्मीचं?"

बाबा शिफ्ट संपवून आले होते, दमलेले होते. आधी त्यांनी मला वाक्याचा खरा अर्थ सांगितला. जागणं म्हणजे झोप न येणं नव्हे रे, इमान राखणं.

"अरे, तो तुमचा प्यू," ते म्हणाले, "तो काय इतके दिवस अळणी जेवला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कंपनी कमांडरच्या ऑफिसात मी जे बघितलं होतं ते सांगितलं. मेजरने विचारलं, "खात्री आहे?" मी म्हणालो, "त्याची मान ट्रककडे होती, सर." चार मिनिटं लागली. बाहेर हॉलिस सावधानमध्ये उभा होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

त्याच्या दोन्ही फिती गेल्या. तो प्रायव्हेट झाला. प्यूवरही ठपका आला, पण तो तुरुंगात गेला नाही. फक्त स्वतःपुरतं बघणाऱ्याला आर्मीत 'जॅक' म्हणतात. माझ्या लॉकरवर कोणीतरी खडूने तेच लिहिलं. मी पुसलं नाही. तीन दिवसांनी ते पुसलेलं दिसलं. कोणी पुसलं ते कळलं नाही.

नाटक रद्द होईल असं मला वाटत होतं. ॲशबींनी हॉलिसला विचारलं. तो म्हणाला, "माझे संवाद पाठ आहेत, सर."

हॉल भरला होता. बायका, मुलं आणि सगळी कंपनी. मुलं सोडली तर प्रत्येकाला माहीत होतं. मी थर्मोकोलच्या दगडापाशी उभा होतो, बाजूला प्यू. हॉलिस चादर नेसून आला. मी म्हणालो, "तलवार खाली ठेवा, सेनापती."

पुढे सेनापतीचं लांब भाषण होतं. मी तुला वाढवलं, तू दगा दिलास, तुझ्या पिढ्यांना हा कलंक लागो. प्रॉम्प्टर पहिली ओळ दोनदा पुटपुटला. हॉलिसने ते भाषण म्हटलंच नाही. प्लायवूडची ती तलवार त्याने काढली, उलटी धरली आणि मूठ माझ्या हातात दिली. मग प्यूच्या समोर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले, झडतीसाठी. प्यूला काय करावं सुचेना. हॉलिस हळू म्हणाला, "नीट बघ, मूर्खा." प्यूने नीट बघितलं आणि म्हणाला, "क्लिअर."

आता कॉलेजात रोमन इतिहासाच्या तासाला सर विचारतात, आपल्याच सेनापतीला अडवणारा सेंच्युरियन प्रामाणिक की गद्दार? मुलं छान बोलतात. मी वर्गात फारसा बोलत नाही. पण त्या दिवशी सत्ता आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तीन फुटांवरून बघितलं. मी त्या सेक्शनमध्ये होतो, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो.

दोन वर्षांनी मी आर्मी सोडली. मिल्टन कीन्सला एका आयटी कंपनीच्या हेल्पडेस्कवर लागलो. दोनदा घर बदललं. हॉलिसला एक कार्ड टाकलं होतं, उत्तर आलं नाही. मी ते समजून घेतलं.

मागच्या ऑक्टोबरमध्ये प्यूचं पत्र आलं. जुन्या पत्त्यांवरून फिरत फिरत ते आलं होतं, त्याला पाच महिने झाले होते. हॉलिसने दोन्ही फिती परत मिळवल्या होत्या. तो कॉर्पोरल म्हणूनच अफगाणिस्तानात गेला. एका गल्लीच्या तोंडाशी त्याने सेक्शनला थांबवलं आणि आधी स्वतः बघायला पुढे गेला. मागचे सातही जण घरी परत आले.

जाण्याआधी प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागतो. काही झालं तर शवपेटी कोणी उचलायची, त्यांची सहा नावं. हॉलिसने पहिलं नाव माझं लिहिलं होतं. प्यूने लिहिलं होतं, आम्ही तुला दोन आठवडे शोधत होतो, शेवटी तुझ्या जागी ॲशबी साहेबांनी खांदा दिला.