व्याहीभेटीत फुटलेली गाठ

हिराने आणि मी नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या पाठीवरची गाठ मापणं. संध्याकाळी मी ओट्यावर बनियन वर करून बसायचो, ती अंगठ्याने चाचपायची. तिची मापं ठरलेली: बोर, सुपारी, चिकू. त्या दिवशी म्हणाली, "चिकूला आली. उद्या कुनी भेटायला आलं तं लांबून हात जोडा." रात्री निजली ती उठलीच नाही. ते पुढे सांगतो. आधी गाठ.

बोईसरच्या डॉक्टरने फार पूर्वी सांगितलं होतं, "आत मळ साठलाय. पिशवीसकट कापून काढू. दाबू नका, जंतू शिरतील." कापून म्हटल्यावर मी चपला घातल्या. गावात मग डॉक्टरांना तोटा नव्हता. जो येई तो दाबून बघे आणि औषध सांगे. (दाबणाऱ्यांत हात धुतलेला एकही नव्हता.)

मग आमच्या सुमनचा साखरपुडा ठरला. मुलगा तारापूरच्या कारखान्यात, घर माकुणसारचं. असं स्थळ हातचं गेलं असतं तर हिराने मला वाडीतल्या विहिरीत ढकललं असतं. नेमकी त्याच आठवड्यात गाठ लाल झाली, ठणकू लागली. हिराने कांदा भाजून, हळद घालून पोटीस बांधलं.

"बसंल खाली," म्हणाली.

बसली नाही. पिकली.

साखरपुड्याच्या सकाळी पोटीस सोडून मी नवा टेरिलिनचा शर्ट चढवला. आमच्यात साखर देण्याआधी दोन्ही बाप मांडवात कडकडून भेटतात. व्याही जन्मभर ताडावर चढलेले. हात कसले, दोरखंड.

"हळू, व्याही," मी म्हणालो.

"हळू कशाला? आता आपन एक झालो," म्हणत त्यांनी पाठीवर थाप हाणली.

फच्च झालं. वास असा सुटला की पुढच्या बाया उठून मागे जाऊन बसल्या. कोणी म्हणालं बोंबील कुजले, कोणी कारखान्यांना शिव्या घातल्या. (त्या दिवशी तरी कारखान्यांचा दोष नव्हता.) व्याही आपल्या पंजाकडे बघत राहिले. सुमन रडायला लागली. हिरा मला डोळ्यांनीच विहीर दाखवत होती.

"व्याही, हे काय हाय?"

"गाठ हाय. लपवली नाय. पाठीवर होती म्हनून दिसली नाय."

व्याह्यांनी हात धुतला. मग डोक्यावरची टोपी काढली. टकलावर तीन गाठी, ओळीने.

"मंग माज्याबी बघून घ्या," म्हणाले. "टोपी मीबी काढली नवती."

साखर वाटली गेली.

गाठ पुन्हा भरली, पिशवी आतच राहिली होती ना. हिरा माझी मापायची, आणि व्याही घरी आले की पाणी देताना नजरेने त्यांच्याही मापायची. ते गेले की हळूच सांगायची, "मधली वाढली." मग आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

ती गेली त्या सकाळी व्याही माकुणसारहून आले. दारातूनच दोन्ही हात पसरले. मी पाठ भिंतीला लावली आणि हात जोडले. आयुष्यात तिचं ऐकलं ते एवढंच. व्याह्यांनी टोपी काढली, मान खाली घातली. मधली चांगलीच वाढली होती.

हिरा पडवीत, सगळ्यांच्या मध्ये निजवलेली. आणि मी येडा, तिला सांगायला चुलीपाशी गेलो.