तिसऱ्या मजल्यावरची डबी

झोपेसाठी पगार घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण झोपेचं शास्त्र करून, त्या शास्त्रात आयुष्य घालवून, वर चारचौघांनी आपल्याला थोर म्हणावं अशी अपेक्षा बाळगणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हा माझ्या पत्रिकेतला दोष आहे. स्वतः ते फार झोपत नाहीत. ते सर्किटांना झोपवतात. साकीनाक्याच्या एका गाळ्यात खाली पत्रा कापायचं मशीन किंचाळत असतं आणि वरच्या माळ्यावर आमचे साडू डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढ्या भागांना अंगाई गात असतात. बाहेरच्या जगात आवाज, ऊब, धक्के असं काय काय चाललेलं असतं. त्याचे आकडे करायचे, त्यातला कामाचा तेवढा सिग्नल निवडायचा, उरलेला गोंगाट म्हणून फेकून द्यायचा, आणि हे सगळं इतक्या कमी करंटमध्ये करायचं की खुद्द सेललाही पत्ता लागता कामा नये, असा त्यांचा धंदा. "सर्किटाचं खरं काम झोपणं," माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले. "जागं होणं हा नाइलाज." नव्या साडूशी बोलायला त्यांना एवढाच विषय सापडला. मी बायकोकडे पाहिलं. तिने नजर चुकवून लाडवांचं ताट पुढे केलं.

धंदा गाळ्यात ठेवून घरी यावं ही जगाची रीत. आमच्या साडूंनी तो बिऱ्हाडासकट घरी आणला. त्यांच्या फ्रिजमध्ये दिवा नाही. तो त्यांनी लग्नानंतर लगेच काढला, कारण आत काय ठेवलंय ते ताईला माहीत असतं, मग दिवा कुणासाठी? (ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि या माणसाची बायको, दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला याव्यात हे तिचं नशीब.) दिवसातून दोनदा, थोडा थोडा वेळ, त्यांचा मोबाइल जागा असतो, त्या वेळात तुम्ही मेलात तर त्यांना कळेल, एरवी उद्या. जगाच्या चार्जरला ते सलाईन म्हणतात. "रोज रात्री ज्याला सलाईन लावावी लागते," माझ्या फोनकडे बोट दाखवून ते म्हणतात, "त्याला तुम्ही स्मार्ट म्हणता." बोलण्यातही हीच काटकसर. चहा हवा असेल तर एक बोट, साखर कमी असेल तर तेच बोट आडवं. उलट मी बोलायला लागलो की ते डोळे मिटून घेतात. एकदा मी न राहवून विचारलं, "ऐकताय ना?" तर म्हणाले, "ऐकतोय रे. सिग्नल शोधतोय. तुझ्यात गोंगाट फार."

त्यांची दारावरची बेल हा तर आमच्या नातेवाइकांत दंतकथेचा विषय आहे. तिला सेल नाही, वायर नाही. तुमच्या अंगठ्याच्या जोरातूनच ती वीज काढते आणि त्या विजेवर वाजते. म्हणजे पाहुण्याने आधी वीज निर्माण करायची आणि मग घरात यायचं. अंगठा टेकवून, खांदा लावून, मागच्या पायावर भार देऊन दाबलं तर आतून 'किर्र' असा एक दमेकरी आवाज निघतो. कुरिअरवाले परत जातात. बायकोची वसईची मावशी केळीचा घड घेऊन आली होती. ती तास न् तास दाबत राहिली आणि अखेर घड खाली दुसऱ्या मजल्यावर आमच्याकडे ठेवून सुजलेल्या अंगठ्यानिशी निघून गेली. मी तक्रार केली तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "बेल वाजली नाही म्हणजे पाहुण्याला आत यायची मनापासून इच्छा नव्हती." केळी मात्र त्यांनी मागून नेली.

गणपतीत एके वर्षी त्यांनी रोषणाई करायचं मनावर घेतलं. खालच्या मजल्यांवर माळा लखलखत होत्या, आणि चौथ्या मजल्यावर साडूंच्या घरी गजाननाच्या डोक्यामागे एक ठिपका मधूनच चमकून जायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठिपका. आरतीला आलेल्यांना वाटलं लाईट गेली. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला. उदबत्तीच्या टोकाचा उजेड त्याहून जास्त होता. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सावंत म्हणजे मूळचे मालवणचे, जिभेला हाड नसलेले गृहस्थ. ते प्रसाद घेता घेता म्हणाले, "काय हो, देवाक बघूक जातंव तर देव दिसाक नको?" यावर साडूंचं उत्तर, "देवाला दिसतंय ना सगळं? मग झालं."

अशा माणसाला कुणी भिंतीची जबाबदारी देईल? आमच्या सोसायटीने दिली. घाटकोपरची आमची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नसलेली. आम्ही दुसऱ्यावर, साडू चौथ्यावर. दोन बहिणींना जवळजवळ राहायचं होतं, दोन साडूंचं मत कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहायला लागले आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, जिथे जिना वळतो तिथे, भिंतीला एक चीर पडली. मीटिंगमध्ये आरडाओरडा झाला आणि चिरेवर नजर ठेवायचं काम साडूंकडे आलं. दुसऱ्या दिवशी साडूंनी त्या चिरेवर काडेपेटीएवढी एक डबी चिकटवली. आत सर्किट आणि मनगटी घड्याळात असतो तसला बटणाएवढा एक सेल. भिंत जोरात हादरली तर डबी जागी होणार, किती हादरली त्याचा आकडा करणार, आणि वर साडूंच्या घरातल्या यंत्राला कळवून पुन्हा झोपणार. "सेल कोण बदलणार?" पुढच्या मीटिंगमध्ये सावंतांनी विचारलं. "बदलायचा नाही," साडू म्हणाले. "दहा वर्षं चालेल." सगळी मीटिंग हसली. सावंत म्हणाले, "माझ्या टीव्हीच्या रिमोटाचो सेल दिवाळी ते होळी चालणा नाय." साडू हसले नाहीत. तेवढंच मला त्या वेळी खटकलं होतं.

चीर काही वाढली नाही. मेट्रोचे खांब उभे राहिले, लोक चीर विसरले, डबी विसरले. आणि सात वर्षांनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली. नवी इमारत, प्रत्येकाला मोठी खोली, आणि मुख्य म्हणजे लिफ्ट. बिल्डरला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या, कोर्टाची भानगड नको होती. एकेक करत सगळ्यांनी सह्या केल्या. आमच्या साडूंनी केली नाही.

सावंत माझ्या घरी आले, चपलाही न काढता. "तुमचे साडू काय म्हणतत माहीत आसा? डबीचो सेल संपल्याबिगर सही करूचे नाय. त्या मेल्या सेलापायी अख्खी बिल्डिंग अडकली मां!"

मी चौथ्या मजल्यावर गेलो, खांदा लावून बेल दाबली, आणि माझ्या वक्तृत्वाचा सगळा खजिना त्यांच्यापुढे ओतला. नवी इमारत, गच्ची, पार्किंग, ताईचे गुडघे. ते डोळे मिटून बसले होते. अखेर मी म्हणालो, "अहो, सात वर्षं चालली ना? पुढची तीन गणिताने काढा की!"

त्यांनी डोळे उघडले. "आयुष्यभर गणितानेच काढली रे."

मग ते बोलले. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं. प्रत्येक सर्किट बनवल्यावर ते ओव्हनमध्ये काही आठवडे तापवून लवकर म्हातारं करायचं, किती करंट गेला ते मोजायचं, गुणाकार करायचा आणि खोक्यावर छापायचं, 'दहा वर्षं'. मग कंपनी दोन वर्षांत तो माल बंद करणार आणि नवा काढणार. "माझ्या हातची दहा वर्षं कुणी पाहिलीच नाहीत," ते म्हणाले. "मीसुद्धा. ही एकच राहिलीय."

"मग काढून नव्या घरी चिकटवा!"

"काढताना किती वेळा जागी होईल? सगळा हिशेब बिघडेल."

"या माणसाला," मी ताईला म्हणालो, "बायकोपेक्षा डबीच्या झोपेची काळजी जास्त."

ताई भाजी निवडत होती. "हे आत्ता कळलं तुम्हाला?" ती म्हणाली.

सावंतांनी मग सरळ मार्ग सोडला. एका दुपारी, जिना रिकामा बघून, ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. डबीच्या कडेला टोक लावून त्यांनी जरा रेटलं, एवढंच. ज्या डबीचा उभा जन्म जिन्याच्या हादऱ्यावर टपून बसण्यात गेला तिला हे सहन होईल? ती तडक जागी झाली, तिने वर कळवलं, आणि चौथ्या मजल्यावरून बनियनवरच धावत सुटलेल्या साडूंचा आवाज खाली आला, "सावंत, हात काढा तिच्यावरून!" सावंत म्हणतात, तो आवाज ऐकून त्यांना त्यांच्या कैलासवासी वडिलांची आठवण झाली. स्क्रू ड्रायव्हर तिथेच टाकून ते पळाले.

त्या दिवसापासून साडूंना सगळ्या बिल्डिंगचा संशय येऊ लागला. इतकी वर्षं ते फक्त मोठे हादरे मोजत होते. लोकांची पावलं म्हणजे गोंगाट, ती डबीने ऐकायचीच नाहीत अशी त्यांची आज्ञा होती. आता त्यांनी आज्ञा बदलली. बारीक धक्क्यालाही जागी हो, म्हणाले. सेलचं आयुष्य घटणार होतं, पण चोर सापडला पाहिजे. चार-पाच दिवसांनी ते माझ्या दारात उभे राहिले. स्वतःहून, जिना उतरून! "चल," ते कुजबुजले. "सापडला. रोज सकाळी एक माणूस वर येतो, डबीपाशी थांबतो, भिंतीवर जोर देतो. बराच वेळ. मग जातो. आज साक्षीदार पाहिजे."

मला असल्या नाटकाची हौस. आम्ही दोघे पन्नाशी उलटलेले गृहस्थ तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या पायऱ्यांवर कठड्याआड वाकून बसलो. "सावंतच असणार," मी म्हणालो. "श्श," ते म्हणाले. "सावंत चप्पल घासत चालतो. हा एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवतो."

खालून पावलं आली. सावकाश, एकेक पायरीवर दोन्ही पाय. वळणावर थांबली. मग एक हात आला आणि डबीच्या शेजारी, चिरेच्या अगदी बाजूला, भिंतीवर टेकला.

ताई होती. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. डोळे मिटून, भिंतीला टेकून ती श्वास घेत होती.

बऱ्याच वेळाने तिने वर पाहिलं. "अगं बाई! तुम्ही दोघं तिथे काय करताय?"

"रोज थांबतेस?" साडूंनी विचारलं.

"मग काय उडत येऊ?"

"कधीपासून?"

"आता ते कोण लिहून ठेवतंय? झाली की वर्षं."

साडू खाली उतरले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या पुढे न जाता तिच्या बरोबरीने, एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवत, वर चढू लागले. माझ्या शेजारून जाताना तेवढं म्हणाले, "सात वर्षं गोंगाट म्हणून फेकून देत होतो रे हे." संध्याकाळी त्यांनी सावंतांच्या घरी जाऊन सही केली. जाताना त्यांचा स्क्रू ड्रायव्हरही परत केला.

बिल्डिंग रिकामी झाली. आम्ही मुलुंडला भाड्याने गेलो. साडूंनी मात्र जुन्या बिल्डिंगच्या समोरच्याच गल्लीत, लिफ्ट असलेल्या इमारतीत जागा घेतली; कारण विचारायची गरज नव्हती, डबीचा सिग्नल तिथवर पोचत होता. ती त्यांनी काढली नाहीच. रिकाम्या जिन्यात आता कुणी चढत नव्हतं. "चांगली झोप लागली असेल तिला," ते म्हणायचे. पाडापाडीच्या दिवशी ताईचा फोन आला, "हे खिडकीतून हलत नाहीयेत. तुम्ही या जरा." मी गेलो. वरून एकेक मजला उतरत होता, आणि प्रत्येक घावाला साडूंच्या मांडीवरचं यंत्र टिक् करत होतं. माझ्या जिभेवर चार छान टोमणे तयार होते. ते मी तिथेच ठेवले. मग धुरळ्याचा एक लोट उठला आणि टिक् थांबलं. साडूंनी थोडी वाट पाहिली. यंत्र बंद केलं. "सेल संपला नव्हता," ते म्हणाले. "लिहून घे."

ताईने चहा आणला. त्यांनी बोट वर केलं नव्हतं, तरी.

हल्ली मी बऱ्याचदा रविवारी मुलुंडहून घाटकोपरला जातो. ती बेल त्यांनी नव्या दारालाही लावलीय, दुसऱ्याच्या भाड्याच्या दाराला, घरमालकाचा विरोध पत्करून. मी लिफ्टने वर जातो आणि अंगठा टेकवतो. आश्चर्य म्हणजे आताशा ती पहिल्याच दाबाला वाजते. आतून सपातांचा आवाज येतो, कडी निघते, आणि साडू मान मागे वळवून घरात सांगतात, "ऐकलंस का? गोंगाट आला. चहा टाक."